मातीविना शेतीला पाणी कोणते? नळाचे की फिल्टरचे?



हल्ली पारावर, दूध डेअरीच्या ओट्यावर, बाजाराच्या गाडीत एक नवी गोष्ट कानावर येते. "अमक्याने म्हणे मातीशिवाय पालेभाजी काढली!" गोष्ट खरी आहे. शेडनेटखाली पाइप मांडायचे, त्यांतून खत विरघळवलेले पाणी खेळवायचे आणि त्या पाण्यात मुळे सोडून पालक, लेट्यूस, कोथिंबीर, टोमॅटो घ्यायचे. हिला मातीविना शेती किंवा हायड्रोपोनिक्स म्हणतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विल्यम गेरिक यांनी टाक्यांत टोमॅटो वाढवून दाखवले आणि १९३७ साली या शेतीला हे नाव रूढ केले. आता ती आपल्या बांधापर्यंत आली आहे.

ही शेती करू पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो पाण्याचा. गावच्या नळाचे पाणी चालेल, की फिल्टर बसवावा लागेल? यंत्र विकणारा सांगतो, "फिल्टरशिवाय पाऊलच टाकू नका." शेजारी सांगतो, "अहो, माणसे पितात ते पाणी झाडाला का चालू नये?" दोघांचेही ऐकून चालत नाही. फिल्टरवर पैसा घातला आणि त्याची गरजच नव्हती, तर कर्ज वाढते. गरज असताना बसवला नाही, तर पीक जाते आणि कर्ज राहतेच.

म्हणून या पत्रकात एकच गोष्ट नीट समजून घेऊ. पाणी नळाचे की फिल्टरचे हे नावावरून ठरवायचे नसते. पाण्यात काय विरघळले आहे ते तपासून ठरवायचे असते.

दोन भावांची गोष्ट

समजा, एका गावात दोन भाऊ आहेत. दोघांनीही १०००-१००० लिटरची टाकी बसवून लेट्यूस लावले. थोरल्याने गावच्या नळाचे पाणी घेतले. पाणी स्वच्छ, चव बरी, घरात सगळे तेच पितात. महिनाभराने जुन्या पानांच्या कडा करपू लागल्या आणि नवी पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या.

धाकट्याने ते पाहून आर.ओ.चे यंत्र घेतले. पाणी अगदी कोरे. त्यात त्याने ठिबकला वापरतो तेच १९:१९:१९ खत आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये टाकली. त्याच्या लेट्यूसची कोवळी पाने टोकाला काळपट पडून गळून गेली. पाण्याचा सामू आज साडेपाच, तर परवा सात.

दोघांचेही नुकसान झाले, आणि दोघांचीही मेहनत खरी होती. मग चुकले कुठे? ते बघू.

जमिनीत आणि टाकीत फरक काय?

आपली काळी माती फार सोसते. तिच्यातले चिकणमातीचे कण आणि सेंद्रिय पदार्थ क्षार धरून ठेवतात, सामू एकदम चढू-उतरू देत नाहीत. जास्तीचा क्षार पावसाळ्यात थोडाफार खाली धुऊन जातो. म्हणून विहिरीचे थोडे मचूळ पाणीही आपण वर्षानुवर्षे देत आलो.

टाकीत तसे नाही. तिथे मूळ आणि पाणी यांच्यामध्ये सांभाळून घेणारे कोणी नाही. पाण्यात जे असेल ते थेट मुळाला भिडते.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. गुऱ्हाळात काहिलीत उसाचा रस आटवतात, तेव्हा वाफ होऊन जाते ते पाणी. गोडवा काहिलीतच राहतो आणि घट्ट होत जातो. मातीविना शेतीच्या टाकीत हेच घडते. झाड पाणी पिते, पानांवाटे उडवते, पण नको असलेले मीठ फारसे घेत नाही. ते टाकीतच राहते. आपण रोज वरून नवे पाणी घालतो आणि त्याबरोबर नवे मीठही.

थोरल्या भावाचा हिशेब करू. त्याच्या पाण्यात लिटरला १२० मिलिग्रॅम सोडियम होते. १००० लिटरच्या टाकीत पहिल्याच दिवशी १२० ग्रॅम सोडियम गेले. झाडे रोज १०० लिटर पाणी पीत होती, तेवढे तो रोज भरत होता, म्हणजे रोज आणखी १२ ग्रॅम. तीस दिवसांत ३६० ग्रॅम. झाडांनी घेतले असेल ते किरकोळ सोडले, तर महिन्याअखेर टाकीत ४८० ग्रॅम झाले. म्हणजे लिटरला १२० चे चौपट, ४८० मिलिग्रॅम. पानांच्या कडा करपल्या त्या यामुळे.

आता तुम्ही म्हणाल, "पण पाणी तर खारट लागत नव्हते!" बरोबर आहे. सोडियम लिटरला साधारण २०० मिलिग्रॅमच्या आसपास गेले म्हणजे माणसाच्या जिभेला जाणवू लागते. जिभेला कळण्याआधी मुळाला कळते, हे ध्यानात ठेवा.

पाण्यात काय काय असते?

गावच्या पाण्यात चार प्रकारचा माल असतो. चौघांची दवा वेगवेगळी आहे.

पहिला, गाळ आणि जंतू. हे नदी, कालवा, नाला, उघडी विहीर यांच्या पाण्यात असतात.

दुसरा, क्लोरीन. ग्रामपंचायत टाकीत टी.सी.एल. पावडर टाकते, त्यातून तो येतो. नळाच्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, असे पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आहे. जलसुरक्षक ओ.टी. टेस्ट करतो आणि पाणी पिवळे होते, ती याचीच खूण. एवढ्याने पिकाचे बिघडत नाही. मात्र पावडर जास्त पडली, वास उग्र आला, तर कोवळ्या मुळांना चटका बसतो.

तिसरा, चुन्याचा जडपणा. म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि त्यांच्या जोडीला बायकार्बोनेट. आपल्या काळ्या पाषाणातल्या विहिरी-बोअरचे पाणी बहुधा या जातीचे असते. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ लवकर शिजत नाही, बंबाच्या तळाशी पांढरी खरपुडी धरते, ती याचीच लक्षणे.

चौथा, मिठाचा खारेपणा. म्हणजे सोडियम आणि क्लोराइड. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतला पूर्णेचा खारपाणपट्टा, कोकणात खाडीकाठच्या विहिरी, आणि जिथे कालव्याच्या अति पाण्याने जमिनी फुटल्या तो भाग, इथे हा त्रास जास्त.

तिसरा आणि चौथा यांतला फरक नीट समजून घ्या, कारण सगळा निर्णय त्यावर आहे. जडपणातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ही पिकाची अन्नद्रव्येच आहेत. ती पाण्यात फुकट मिळाली तर खत वाचते. त्रास देते ते बायकार्बोनेट. ते सामू वर चढवते, मग लोह पिकाला लागू होत नाही आणि नवी पाने पिवळी पडतात. पण बायकार्बोनेटला उपाय आहे, तो आम्लाचा. सोडियम-क्लोराइडला मात्र आम्ल, तुरटी, उकळणे, काहीच लागू पडत नाही. ते पाण्यातून काढावे तरी लागते, नाहीतर चांगले पाणी मिसळून पातळ तरी करावे लागते.

फिल्टर म्हणजे नेमका कोणता फिल्टर?

"फिल्टर" या एका शब्दात फार घोटाळा आहे. विकत घेण्याआधी विचारा, "हा काय काढतो?"

वाळूचा फिल्टर आणि जाळीचा फिल्टर तुम्ही ठिबकला वापरताच. ते गाळ, शेवाळ, कचरा अडवतात. विरघळलेला कणभरही क्षार अडवत नाहीत.

मेणबत्तीसारख्या कँडलचा घरगुती फिल्टरही तसाच. गाळ आणि बरेचसे जंतू अडतात, क्षार जातात तसेच पुढे जातात.

कोळशाचा, म्हणजे कार्बनचा फिल्टर क्लोरीन आणि वास काढतो. क्षार काढत नाही.

यू.व्ही.चा दिवा जंतू मारतो, एवढेच त्याचे काम.

पाणी मऊ करणारे यंत्र, ज्याला सॉफ्टनर म्हणतात, त्यापासून दूर राहा. त्यात मीठ घालावे लागते. ते पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेते आणि त्याजागी सोडियम सोडते. अंघोळीला, कपड्यांना ते पाणी उत्तम. मातीविना शेतीला मात्र ते आधीपेक्षा वाईट.

विरघळलेला क्षार खरोखर काढतो तो आर.ओ. पण त्यातही पाहा. घरगुती यंत्रात बऱ्याचदा चवीसाठी थोडे कच्चे पाणी परत मिसळण्याची सोय असते. जारचे पाणी विकणारेही तसे करतात. तेव्हा "आर.ओ.चे आहे" एवढ्यावर विसंबू नका. बाहेर पडणारे पाणी स्वतः मोजा.

आधी तपासणी, मग खरेदी

खिशात मावणारा टी.डी.एस.चा पेन आता पुष्कळांकडे असतो. तो कामाचा आहे, पण तो फक्त एकूण क्षार किती ते सांगतो. क्षार कोणता ते सांगत नाही. दोन विहिरींच्या पाण्याचा टी.डी.एस. सारखाच ४०० भरला, तरी एकीत चुना असेल आणि दुसरीत मीठ. पहिले पाणी आम्ल देऊन वापरता येते, दुसरे नाही. म्हणून एकदा तरी प्रयोगशाळेचा अहवाल घ्याच. मृद चाचणी प्रयोगशाळा, कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठ, जे जवळ असेल तिथे चौकशी करा.

नमुना असा घ्या. एक लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा. बोअर असेल तर मोटर दहा-पंधरा मिनिटे चालू द्या, नळ असेल तर आधीचे पाणी वाहू द्या. बाटली काठोकाठ भरा, बूच घट्ट लावा. नाव, गाव, पाण्याचा उगम आणि तारीख लिहा. शक्यतो त्याच दिवशी पोहोचवा.

अहवालात सामू, विद्युत वाहकता, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड, बायकार्बोनेट, सल्फेट, लोह आणि बोरॉन एवढे मागून घ्या. "पिण्यास योग्य आहे का" एवढेच विचारू नका. पिण्याच्या भारतीय मानकात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत चांगले धरले आहे, आणि दुसरे पाणीच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतले आहे. माणसाला ते चालते. टाकीतल्या लेट्यूसला २५० सुद्धा जड जाते.

तपासणी वर्षातून दोनदा करावी. एकदा दिवाळीच्या सुमारास आणि एकदा मे महिन्यात. विहिरीचे पाणी खाली गेले की क्षार बदलतात. शेततळ्यात पाणी उन्हाने आटते, त्यामुळे दिवाळीत गोड असलेले तळे मे महिन्यात मचूळ होऊ शकते.

अहवाल कसा वाचावा?

पुढचे आकडे पाणी पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या टाकीसाठी साधारण ठोकताळे म्हणून धरा.

विद्युत वाहकता ०.५ पर्यंत असेल, तर पाणी चांगले. ०.५ ते १.० असेल, तर कोणता क्षार आहे ते बघून वापरावे. १.० च्या वर असेल, तर तसेच वापरू नये. कारण पालेभाजीच्या तयार खतपाण्याची वाहकता १.२ ते १.८ च्या आसपास ठेवायची असते. कच्च्या पाण्यानेच १.० घेतली, तर खताला जागा उरते कुठे?

सोडियम लिटरला ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल, तर बिनघोर वापरा. ५० ते १०० असेल, तर टाकी लवकर लवकर बदला. १०० च्या वर असेल, तर पाणी मिसळल्याशिवाय वापरू नका.

क्लोराइड ७० मिलिग्रॅमपर्यंत चांगले. त्याच्या दुपटीवर गेले की सावध व्हा.

बायकार्बोनेट १२० मिलिग्रॅमपर्यंत असेल, तर थोड्या आम्लाने भागते. ३०० च्या वर असेल, तर नुसत्या आम्लावर भिस्त ठेवू नका, चांगले पाणी मिसळा.

नळाचे पाणी चांगले निघाले तर

मग फिल्टरवर एक पैसाही घालू नका. एवढे करा.

पाणी आदल्या दिवशी उघड्या टाकीत भरून ठेवा, एक-दोनदा ढवळा. दुसऱ्या दिवसापर्यंत क्लोरीन बराचसा उडून जातो. ज्या दिवशी टी.सी.एल.चा वास उग्र असेल, त्या दिवशी पाणी भरूच नका. कालव्याचे किंवा विहिरीचे गढूळ पाणी असेल, तर वाळूच्या फिल्टरमधून घ्या. खतपाण्याची टाकी मात्र झाकलेली आणि सावलीत ठेवा, म्हणजे शेवाळ धरत नाही.

सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान आणा. यासाठी ठिबकला वापरतो तेच फॉस्फरिक आम्ल चालते. बायकार्बोनेटचे ६१ मिलिग्रॅम म्हणजे एक भाग असे धरा. १००० लिटर पाण्यातला असा एक भाग मारायला ८५ टक्के तीव्रतेचे फॉस्फरिक आम्ल सुमारे ६८ मिलिलिटर लागते. अर्धा-एक भाग मुद्दाम शिल्लक ठेवा, म्हणजे सामू एकदम घसरत नाही. एका भागाला घातलेल्या आम्लातून लिटरला ३१ मिलिग्रॅम स्फुरद मिळते. पालेभाजीला तेवढे बहुतेक पुरते. म्हणून खतातले स्फुरद तितके कमी करा. दोन-तीन भाग मारायचे असतील, तर सगळे फॉस्फरिकने मारू नका, स्फुरद फार होते. तिथे नायट्रिक आम्लाची जोड लागते आणि ती जाणकाराला विचारूनच द्यावी.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही नाही. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. लेकराबाळांच्या हाती लागेल अशा जागी कॅन ठेवू नका आणि पाण्याच्या बाटलीत आम्ल काढून ठेवण्याची खोड तर मुळीच नको.

आर.ओ.चे पाणी घ्यायचेच झाले तर

ते पाणी कोरे असते. त्यात वाईट काही नाही, तसे चांगलेही काही नाही. धाकटा भाऊ इथेच चुकला. १९:१९:१९ मध्ये नत्र, स्फुरद, पालाश आहे, पण कॅल्शियम नाही. नळाच्या पाण्यात निदान थोडे कॅल्शियम मिळाले असते, आर.ओ.ने तेही काढून टाकले. कॅल्शियम कमी पडले की लेट्यूसची कोवळी टोके करपतात, टोमॅटोचे बूड काळे पडते. आणि बायकार्बोनेट अजिबात नसले की सामूला लगाम राहत नाही, तो दर दिवसाला हलतो.

म्हणून कोऱ्या पाण्याच्या १००० लिटरला पालेभाजीसाठी साधारण ८०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आणि ४०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट लागते असे धरून चाला. बाकीची खते त्याखेरीज, आणि नत्राचा हिशेब कॅल्शियम नायट्रेट धरून करावा. कॅल्शियम नायट्रेटचे घट्ट द्रावण वेगळ्या बादलीत करा. सल्फेट आणि स्फुरदाची खते त्यात मिसळली, तर पांढरा साका तळाशी बसतो आणि खत वाया जाते. सामू रोज सकाळी तपासा.

आर.ओ.चे पाणी म्हणजे रोग येणार नाही, असेही समजू नका. मुळे कुजवणारी बुरशी रोपांबरोबर, हाताबरोबर, धुळीबरोबर टाकीत येते.

वाया जाणाऱ्या पाण्याचा विचार करा

लहान आर.ओ. यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर खारे पाणी बाहेर टाकते. रोज १०० लिटर शुद्ध पाणी हवे असेल, तर निदान ३०० लिटर ओढावे लागते आणि २०० लिटर बाहेर जाते. जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. म्हणजे २०० लिटर हे जवळजवळ चार माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. चैत्र-वैशाखात, गावात टँकर येत असताना, हे कोणाच्या मनाला पटेल?

नळयोजनेचे पाणी आधी माणसांच्या तोंडचे, मग गुरांचे, मग पिकाचे. ग्रामपंचायतीला विचारल्याशिवाय ते शेतीला घेऊ नये आणि नळाला मोटर लावून तर कधीच खेचू नये. आर.ओ.चे टाकाऊ पाणी विहिरीजवळ किंवा बोअरपाशी सोडू नका, तेच क्षार फिरून तुमच्या पाण्यात येतील. गोठा धुणे, अवजारे धुणे याला ते वापरा.

मधला रस्ता : पावसाचे पाणी आणि मिश्रण

नळाचे की फिल्टरचे या वादात तिसरे पाणी आपण विसरतो. ते वरून फुकट पडते. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटरचे, म्हणजे हजारेक चौरस फुटांचे छप्पर असेल आणि दुष्काळी पट्ट्यातला वर्षाचा ५०० मिलिमीटर पाऊस धरला, तर ५०,००० लिटर होतात. सांडलवंड जाऊन ४०,००० लिटर हाती येतात. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी सोडून द्या, छप्पर धुऊन निघते. पत्रा नवा कोरा असेल तर त्याचे जस्त पाण्यात उतरते, त्या पाण्याची तपासणी करून घ्या. साठवण अंधारी आणि झाकलेली हवी.

आता थोरल्या भावाकडे परत जाऊ. त्याच्या नळाच्या पाण्यात सोडियम १२० आणि बायकार्बोनेट २४४ मिलिग्रॅम होते. त्याने दोन भाग नळाचे आणि तीन भाग पावसाचे पाणी मिसळले, तर सोडियम ४८ वर येते आणि बायकार्बोनेट ९८ च्या आसपास. मग १००० लिटरला सुमारे ७० मिलिलिटर फॉस्फरिक आम्लात सामूही जाग्यावर येतो आणि स्फुरदाचे खतही त्यातच भागते. नळाच्या पाण्यातले थोडे कॅल्शियम-मॅग्नेशियम हाती लागते ते वेगळेच.

त्याला रोज १०० लिटर पाणी लागते, म्हणजे पावसाचे ६० लिटर. पावसाळ्याचे चार महिने सोडले, तर उरलेल्या २४० दिवसांना १४,४०० लिटर पुरतात. म्हणजे १५,००० लिटरची झाकलेली साठवण असली की त्याला यंत्राची गरजच नाही. आणि जिथे साठवण जमत नाही, तिथे धाकट्याचे यंत्र कामाला येईल, पण सगळे पाणी त्यातून काढायला नको. रोज ६० लिटर आर.ओ.चे आणि ४० लिटर नळाचे. वाया जाणारे पाणी २०० वरून १२० लिटरवर येते. दोघा भावांनी वेगवेगळा खर्च करण्याऐवजी एकत्र हिशेब मांडला असता, तर दोघांचेही पीक वाचले असते.

मिसळलेल्या पाण्यातही मीठ हळूहळू साठतेच. ४८ पासून सुरुवात केली, तर पंधरा दिवसांत ते १२० वर जाते. म्हणून दर पंधरवड्याला टाकी रिकामी करून नवे खतपाणी भरा. काढलेले पाणी गटारात सोडू नका, त्यात खत आहे. आणखी साधे पाणी मिसळून ते बांधावरच्या झाडांना, शेतातल्या पिकाला आळीपाळीने द्या.

ट्रेमध्ये मक्याचा हिरवा चारा करणाऱ्यांसाठी दोन शब्द. तो चारा आठ-दहा दिवसांत निघतो, त्यामुळे क्षार साठायला वेळ मिळत नाही. त्याला आर.ओ. नको. पाणी स्वच्छ हवे, बी आणि ट्रे निर्मळ हवेत, बुरशी धरता कामा नये. बुरशी आलेला चारा गुरांपुढे टाकू नका.

मोठ्या खर्चाआधी लहान परीक्षा

अहवाल हाती आला तरी एक घरगुती परीक्षा करा. दोन टब घ्या. एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात पावसाचे किंवा आर.ओ.चे. दोन्हींत कॅल्शियमसह सारखेच खत, सारखाच सामू, सारखीच दहा-दहा रोपे. रोज आटेल तेवढे त्याच पाण्याने भरा. महिनाभर बघा. जुन्या पानांच्या कडा, नव्या पानांचा रंग, मुळांचा पांढरेपणा वहीत टिपून ठेवा. दोन्ही टब सारखेच वाढले, तर नळाचे पाणी निदान महिनाभर टाकी न बदलता चालते, एवढे कळले. नळाचा टब मागे पडला, तर यंत्र किंवा साठवण यांचा खर्च का करायचा ते तुमच्याच डोळ्यांना दिसेल.

थोडक्यात सांगायचे तर :

पाणी चवीवर किंवा स्वच्छतेवर पारखू नका. तपासून घ्या, वर्षातून दोनदा.

गढूळ पाण्याला वाळूचा फिल्टर, क्लोरीनला एक दिवसाची उघडी साठवण, चुन्याच्या जडपणाला आम्ल. मिठाच्या खारेपणाला मात्र पावसाचे नाहीतर आर.ओ.चे पाणी मिसळणे हाच उपाय.

सॉफ्टनरचे पाणी टाकीत घालू नका.

कोऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आपल्या हाताने द्या.

पावसाचे पाणी मिळत असेल, तर यंत्राच्या आधी छपराला पन्हळ लावा.

आणि मंडळी, पाणी इतके खारे निघाले की मिसळायलाही चांगले पाणी नाही, आणि गावाला प्यायचीच टंचाई आहे, तर ही शेती यंदा न करणे हाही शहाणपणाचाच निर्णय आहे. तपासणीचा खर्च थोडा, पण पुढचा मोठा तोटा त्याने वाचतो.

राम राम.